स्पीड कसला?

प्रिय बारके,

काल रविवार असूनही आम्ही सगळे कामावर होतो, आणि दुपारी साडेतीनला आमच्या तपासणी लॅबमधल्या तात्यांनी खात्रीनं सांगितलं, की सिरिंजमधलं औषध हळूहळू सोडणारा आमचा पंप चुकतो. गेल्या वीस वर्षांत तात्यांच्या तोंडून मी 'बहुतेक' हा शब्द ऐकलेला नाही. त्यांनी वीस मिलीची सिरिंज लावली, वेग ताशी सहा मिली ठेवला, चालू पंपाची वायर भिंतीतून काढली आणि वजनकाट्यासमोर तासभर बसून राहिले. तासाला सहा मिली यायला हवं होतं, तीन आलं. पडद्यावर मात्र शेवटपर्यंत सहाच दिसत होतं. त्यांनी हे तीन वेळा केलं, तिन्ही कागदांवर सही केली आणि ते माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "त्या सिस्टरबाईंना कळवा, त्यांचं काही चुकलेलं नाही. आणि मग आरशात बघा."

सिस्टरबाई म्हणजे तुझी खारूताई. वॉर्डभर तुरुतुरु पळते म्हणून तूच तिचं हे नाव ठेवलंस, आणि फोनवर इतक्यांदा तिचं कौतुक केलंस की तिला न बघताही मी तिला ओळखतो. गेले एकवीस दिवस ती निलंबित होऊन घरी बसली आहे. गुरुवारी अकरा वाजता तुमच्या चौकशी समितीपुढे तिचा निकाल आहे. नोकरी गेली तर ठपका सर्टिफिकेटवर चढेल आणि दुसरं कुठलंही हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून पत्र आज सोमवारीच कुरिअरनं पाठवतोय, बुधवारी तुझ्या हातात पडेल. फोनवर बोलणार नाही. या प्रकरणात मी तुझ्याशी फोनवर एकदा बोललोय, तेवढं बस झालं.

आधी कामाचं. काल चार वाजता तुझ्या वॉर्डाच्या फोनवर मी ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगून ठेवलंय, की आमच्या पंपाची वायर भिंतीतून काढली की तो लगेच थांबवायचा, वेग पुन्हा टाकायचा आणि मगच पेशंट हलवायचा. त्यांनी ते लिहून घेऊन परत वाचून दाखवलं. ही तुझीच शिकवण असणार. कोण बोलतंय असं विचारल्यावर मी 'कंपनीतून' एवढंच सांगितलं.

आता मला राग कशाचा आला आहे ते सांगतो, आणि तू तो मुकाट्यानं ऐकून घे. यात थोडा तुझ्यावरही आहे.

तुमच्या हॉस्पिटलनं तक्रार पाठवली तेव्हा सोबत खारूताईचा त्या दिवसाचा तक्ता आणि तुझा जबाब जोडला होता. आमच्या कंपनीनं त्यावर दीड पानाचा अहवाल दिला. त्यातलं एक वाक्य मला आता पाठ झालंय: 'वापरणाऱ्याकडून सिरिंजचा आकार चुकीचा निवडला गेला असावा.' असावा. आमच्या पंपाच्या नोंदीत सिरिंजचा आकार राहतच नाही, फक्त वेग राहतो. म्हणजे ज्याची नोंदच नाही, त्यावर आमच्या शहाण्यांनी 'असावा' लिहून एका मुलीला घरी बसवलं. आणि तक्ता कोणी वाचला? तिनं तासातासाला सिरिंजमध्ये किती औषध उरलं ते लिहिलंय. नऊला भरली तेव्हा वीस. दहाला चौदा. अकराला आठ. आकार चुकला असता तर सकाळपासूनच निम्मं गेलं असतं, दहालाच सतरा दिसलं असतं. अकरानंतर अकरा नंबरच्या पलंगावरच्या पोस्टमास्तर आजोबांना स्कॅनसाठी खाली नेलं, चाळीस मिनिटांनी वर आणलं, तेव्हा उरले होते सहा. उरायला हवे होते चार. म्हणजे सगळा घोटाळा वायर काढल्यानंतरचा. यासाठी इंजिनिअर कशाला लागतो? वजाबाकी येणारा कोणीही पुरे. तरी आमच्याकडच्या तिघांनी आणि तुमच्याकडच्या पाच जणांनी त्या अहवालावर सह्या केल्या. आणि बारके, अकराच्या आकड्याखाली त्या दिवशी वॉर्ड बघणाऱ्या बाईंची सही आहे. ते अक्षर मी बालवाडीपासून ओळखतो. तू स्वतः आठ वाचून सही केलीस, आणि चार दिवसांनी तिच्याविरुद्ध लेखी जबाब दिलास.

आजोबा आता स्वतःच्या हातानं जेवतात, हे आईकडून कळलं. पण बीपी टिकवणारं औषध चाळीस मिनिटं निम्मं मिळाल्यामुळे त्यांना आठ दिवस जास्त आयसीयूत काढावे लागले. खाली स्कॅनच्या खोलीत बीपी पडलेलं सगळ्यात आधी खारूताईनंच पाहिलं, तिनंच डॉक्टरांना ओढून आणलं. हे तुझ्याच जबाबात आहे. पुढच्याच ओळीत मात्र तू तिला निष्काळजी म्हटलं आहेस. एकाच कागदावर ही दोन वाक्यं शेजारी शेजारी कशी बसली, हे मला अजून कळलेलं नाही.

पंपाच्या आत काय झालं ते आता सांगतो. घाबरू नकोस, सोपं आहे.

पडद्यावर तुम्ही आकडा टाकता आणि आत मोटर फिरते. या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पडद्याला कळतं, तासाला किती मिली औषध. मोटरला कळतं, मिनिटाला किती पावलं पुढे सरकायचं. मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. तो कोड लिहिणं आणि दुसऱ्यांनी लिहिलेला तपासणं हे माझं काम. त्या कोडमध्ये कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक आकडा राहतो आणि कप्प्याला एक नाव असतं. पन्नास मिलीची जाड सिरिंज लावली की मिलीचा आकडा आणि पावलांचा आकडा जवळजवळ सारखाच येतो, कारण मोटर तशीच निवडली आहे. वीसची सिरिंज बारीक असते, तिथे तेवढ्याच औषधाला दुप्पट पावलं लागतात. दुभाषा एरवी हा हिशेब नीट करतो.

पूर्वी वायर काढली की पंप थांबायचा आणि बटण पुन्हा दाबायला सांगायचा. हा ताप आहे अशी सगळ्या हॉस्पिटलांची ओरड होती, तुझीही होती. म्हणून आठ महिन्यांपूर्वी आम्ही सोय केली: वायर निघाली की पंपानं चालू वेग एका कप्प्यात ठेवायचा आणि बॅटरीवर जाऊन तोच वेग उचलून पुढे चालायचं. कोडमध्ये ठेवणाऱ्या भागानं औषधाचा वेग ठेवला, सहा. उचलणाऱ्या भागानं तो मोटरचा समजून उचलला. मोटरला बारा हवे होते, मिळाले सहा. दोन्ही भाग आपापल्या जागी बरोबर होते. कप्प्याचं नाव होतं नुसतं 'स्पीड'.

आमच्या लॅबमध्ये सगळ्या चाचण्या पन्नासच्या सिरिंजवर होतात, तिथे सहाला सहाच लागतात. सगळं हिरवं, म्हणजे पास. तात्या म्हणाले, "वीसची कोणी मागितलीच नाही. मागितली असती तर कपाटात डबा भरून आहेत."

आता तू मला सांग, तुझ्या वॉर्डात कोणी सिरिंजवर नुसतं 'औषध' असं लिहून ठेवलं तर तू काय करशील? औषधाचं नाव, प्रमाण, वेळ आणि भरणारीची सही नसलेली सिरिंज तू सरळ कचऱ्यात टाकतेस. एकदा मोठ्या सर्जननी भरलेली टाकली होतीस आणि वर त्यांना ऐकवलं होतंस, "सर, तुम्हाला माहीत आहे आत काय आहे. टोचणारीला माहीत नाही." ही गोष्ट मी ऑफिसात किती जणांना सांगितली असेल. आणि आमच्याच कोडमध्ये नुसत्या 'स्पीड' नावाची सिरिंज आठ महिने पडून होती. ज्यानं भरली त्याला माहीत, ज्यानं टोचली त्याला नाही.

बाबा आठवतात मला सारखे या दिवसांत. ते कंपाउंडर होते त्या दवाखान्यात आपण दोघं शाळा सुटल्यावर बाटल्यांना चिठ्ठ्या लावायला बसायचो. तुझं अक्षर चांगलं म्हणून लिहायचीस तू, आणि डिंक लावायची हमाली माझी. एकदा डॉक्टरांनी घाईत एका बाटलीवर नुसतं 'खोकला' लिहून ठेवलं होतं. बाबांनी ती मोरीत ओतली. डॉक्टर चिडले, म्हणाले, कंपाउंडरनं कंपाउंडरसारखं राहावं. बाबा म्हणाले, "लहानाचा की मोठ्याचा, ते बाटलीला विचारता येत नाही." महिनाभर डॉक्टर त्यांच्याशी घुश्शात होते. बाबा कोणाशी भांडले असं मी तेवढं एकदाच पाहिलं. मला वाटायचं, हा गुण आपल्या दोघांत सारखा उतरलाय.

शुक्रवारी मी हे सगळं आमच्या साहेबांपुढे मांडलं. त्यांना आम्ही 'आवरा' म्हणतो. कुणी काहीही बोलायला लागलं की ते घड्याळाकडे बघून 'आवरा, आवरा' करतात. तेव्हा तात्यांची चाचणी व्हायची होती, पण कोड माझ्यासमोर होता आणि कोड खोटं बोलत नाही. साहेब म्हणाले, "अहो, नावावरून कधी कोणाचं बीपी पडलंय का?" मी म्हटलं, पडलंय, अकरा नंबरच्या पेशंटचं. त्यांनी हसून विषय बदलला. काल तात्यांचे कागद पाहिल्यावर हसू गेलं, पण तोडगा तयार होता. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती गुपचूप घालायची आणि बदलांच्या यादीत सतराव्या ओळीवर लिहायचं, 'कोडमधील नावांत सुधारणा'. हॉस्पिटलांना वेगळं पत्र नाही. तुमच्या चौकशीत आपण बोलायचं नाही, कारण आपला अहवाल आधीच गेलाय आणि तो बदलला तर कंपनीची अब्रू जाते. "ती सिस्टर काय, दुसरीकडे लागेल कुठे तरी." हे वाक्य बोलताना ते पेल्यात पाणी ओतत होते. मी तात्यांचे कागद उचलून खोलीबाहेर आलो.

जिनं तो बदल लिहिला, ती आमच्याकडची हुशार इंजिनिअर आहे. तिला सगळे 'झटपट' म्हणतात. काल संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, "सर, माझं नाव सांगा तिथे. पण सगळं सांगा." सगळं म्हणजे काय, ते तिला आणि मलाच ठाऊक होतं. तेच आता तुला सांगायला बसलोय आणि मघापासून आजूबाजूचं लिहीत सुटलोय.

आमच्याकडे कोणीही लिहिलेला बदल दुसऱ्यानं तपासून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. तपासणारा बाजूला शेरे लिहितो. लिहिणाऱ्यानं ते दुरुस्त करायचे किंवा उत्तर द्यायचं. पूर्वी कप्प्यांच्या नावांवरून फार वाद व्हायचे. दोन माणसं एका नावापायी आठवडाभर एकमेकांशी बोलली नव्हती. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी एक पद्धत पाडली. नाव, मोकळी जागा, स्वल्पविराम असल्या शेऱ्यांच्या आधी 'किरकोळ' असं लिहायचं. 'किरकोळ' म्हणजे पटलं तर बदला, नाही तर सोडून द्या, मंजुरी अडणार नाही. भांडणं थांबली. त्या वर्षी माझं कौतुक झालं होतं, आठवतंय? तुला फोन करून सांगितलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, "चला, घरात नाही तरी ऑफिसात तुझं ऐकतात."

वायर काढल्यावर वेग जपणारा तो बदल मी तपासला होता. माझा शेरा अजून तिथे आहे, तारखेसकट: 'किरकोळ: स्पीड कसला? औषधाचा की मोटरचा? नावातच येऊ दे.' झटपटनं उत्तर दिलंय, 'बरोबर आहे सर, पण नाव बदललं तर सतरा फाइली हलतील, पुढच्या वेळी करू का?' त्याखाली माझा 'चालेल' म्हणणारा अंगठा आहे आणि चार मिनिटांनी माझी मंजुरी. त्या दिवशी आवृत्ती बंद व्हायची होती आणि साहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते. पण घड्याळ त्यांचं होतं, अंगठा माझा. बारके, मला प्रश्न पडला होता. अगदी नेमका पडला होता. मी उत्तर न घेता पुढे गेलो, कारण त्या प्रश्नाला मी स्वतःच किरकोळ ठरवून ठेवलं होतं. आपल्या बाबांनी ती बाटली ओतली होती. मी तिच्यावर शेरा लिहिला आणि ती फळीवर परत ठेवली.

आता ते सगळे शेरे, तात्यांचे तीन कागद आणि तक्त्यातली वजाबाकी, असं एक पाकीट मी आज सकाळी यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला पाठवलंय. दुसरं तुमच्या समितीच्या अध्यक्षांना. दोन्हींवर माझी सही आहे. कंपनीचे जेवढे पंप जिथे जिथे आहेत, तिथे सगळीकडे पत्र जावं अशी मागणी केली आहे. साहेबांना दुपारी कळवलं. ते पहिल्यांदाच 'आवरा' म्हणाले नाहीत, खुर्चीतून उठून दार लावायला गेले. बदलाच्या कोडमध्ये झटपटनं आज दोन कप्पे केलेत, एकाचं नाव 'ड्रग एमएल पर अवर', दुसऱ्याचं 'मोटर स्टेप्स पर मिनिट'. सतरा फाइली हलल्या. जेवणाच्या सुट्टीच्या आत झालं सगळं. एवढंच काम होतं ते.

आणि आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते. त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला फोन केला होतास. मी जिना चढत होतो. तू एकच विचारलंस, "दादा, खरं सांग, मशीन चुकू शकतं का?" मी म्हणालो, "नाही." जिना संपायच्या आत उत्तर दिलं. कोड उघडला नाही, तक्ता मागवला नाही, उलट तुला म्हणालो, नवी मुलगी आहे, आकार चुकला असेल तिचा. तो 'असावा' कंपनीच्या अहवालात दहा दिवसांनी आला, पण तुझ्या कानात तो मी आधीच घातला होता. तुझ्या जबाबात वाक्य आहे, 'यंत्राबाबत खात्रीशीर माहिती घेतली आहे.' ती खात्री म्हणजे मी. तू खारूताईवर विश्वास ठेवला नाहीस, कारण माझ्यावर ठेवलास, आणि ते पंप तुझ्या शब्दावर त्या वॉर्डात आले होते म्हणून तुला तसा ठेवणं भागही होतं. याबद्दल मी तुझ्यावर रागवायचा हक्क गमावलाय, तरी वर रागावलो आहे, ते खोडत नाही, कारण आठच्या खाली तुझी सही आहेच. गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसनं मी निघतोय, सव्वादहापर्यंत तुमच्या दारात असेन. अध्यक्ष पाकीट उघडून आधी तुलाच विचारतील, ही खात्रीशीर माहिती तुम्ही कोणाकडून घेतली. मला वाचवायला तू गप्प बसशील, तू तशीच आहेस. बसू नकोस. जबाब मागे घे, तिच्या शेजारी जाऊन बस आणि माझं नाव सांग. मग ते मला आत बोलावतील.

तुझाच,
दादा